आवडाबाईची वांगी आणि समस्त जाधव

आवडाबाई जाधवांना किळस फार लवकर यायची. पण सोनखताची नाही.

वाशीम गावाने वर्षभर जे काही पोटातून टाकलं, ते गावाबाहेरच्या खड्ड्यांत राखमातीच्या थरांखाली मुरत पडायचं. पुरतं मुरलं की त्याचं काळंभोर, भुसभुशीत खत होई, आणि माळी लोक त्याला सोनखत म्हणत. नाव सोन्याचं असलं तरी गाडी मळ्यात रिकामी होताना सगळे माळी नाक वाऱ्याकडे करून उभे राहत. आवडाबाई मात्र पुढे होऊन मूठभर खत उचली, दोन बोटांत चोळी, नाकाशी नेई आणि गाडीवाल्याला म्हणे, "हे चार महिन्याचं हाय. वर्षाचं आन. मले काय नवी नवरी समजते?" गाडीवाला मुकाट्याने बैल वळवी. तिच्या नाकाशी वाद घालण्यात अर्थ नसतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

तिला शिसारी यायची ती वेगळ्याच गोष्टींची. वांगं दाबदाबून पाहून परत टोपल्यात टाकणाऱ्या गिऱ्हाइकाची यायची. कपाळाला गंध आणि तागडीला मेण लावणाऱ्या वाण्याची यायची. लग्नात 'अजून एक घ्याच' म्हणून पत्रावळीवर ओणवं होणाऱ्या माणसाची यायची, कारण त्याच्या घामाचा थेंब वरणात पडतो, असं तिचं निरीक्षण होतं. अत्तर लावलेल्या माणसापासून ती चार हात लांब बसे. "आंघोय केली असती त इतका खर्च कायले लागला असता?" असं एका नव्या जावयाला तिने मांडवातच विचारलं होतं. जावई कुणाचा का असेना.

किळस आली की ती फार बोलत नसे. खालचा ओठ डावीकडे जाई आणि घशातून एकच आवाज निघे, "हॅक्!" वाशीमच्या आठवडी बाजारात तो आवाज ऐकून शेजारचे दुकानदार आधी आपली तागडी सरळ करत, मग काय झालं म्हणून बघत.

बाई उंच, हाडापेराने मजबूत, नऊ वर्षांची विधवा. नवरा बापूराव हिवतापाने गेला. एकुलत्या मुलीचं लग्न होऊन ती सासरी नांदत होती. गावाच्या उगवतीला माळ्यांचे मळे होते, त्यांत दीड एकर आवडाबाईचं आणि त्याला लागून दीड एकर तिच्या दिराचं, उत्तमरावाचं. मधोमध सासऱ्याने खणलेली सामाईक विहीर. आवडाबाईचा बैल म्हातारपणाने मेला तेव्हा घरातल्या घरात ठरलं, की बैलजोडी उत्तमरावाची, वैरण अर्धी आवडाबाईची, आणि आठवड्यातले तीन दिवस मोटेचं पाणी तिच्या पाटाला. हे कुठे लिहिलेलं नव्हतं. लिहून घेतलं तर भावकी राहत नाही, असं आपल्याकडे मानतात. न लिहिल्याने काय राहतं, ते पुढे दिसेलच.

आवडाबाईच्या वांग्यांबद्दल मात्र सांगायलाच हवं. जांभळी, काटेरी देठाची, हातात घेतली तर गार आणि जड. चिरली तर आत बी दिसू नये. बाजारात लिंबाखाली तिची जागा होती, आणि टोपलं खाली ठेवायच्या आधी गिऱ्हाईक वाकलेलं असे. ती वांगी म्हणजे तिचं सगळं काही होतं. तिची भाकर त्यांच्यावर होती आणि तिचा तोराही त्यांच्यावरच होता.

उत्तमराव माणूस वाईट नव्हता. चार बुकं शिकला होता, आणि तेवढ्यानेच घात केला. त्याला मोठं व्हायचं होतं, आणि मोठं होण्यासाठी लागणारे कष्ट सोडून बाकी सगळं करायची त्याची तयारी होती. अशा माणसाच्या दाराशी भाट यायला वेळ लागत नाही.

एकोणीसशे पस्तीस सालच्या अखजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीया उलटल्यावर, मदनसिंग भाट आला. लाल फडक्यात बांधलेली वही, डोक्याला केशरी फेटा, आवाज असा की विहिरीतले पारवे उडावेत. ओट्यावर घोंगडी पसरली. उत्तमराव हात जोडून समोर बसला. आवडाबाई खाली मिरच्यांची देठं काढत होती.

"लखुजीराव जाधव!" भाट गरजला. "सिंदखेडचे राजे! जिजाऊ मासाहेबांचे पिताजी!"

उत्तमरावाने मान लववली.

"धनाजी जाधव! मोगलांचे घोडे पाण्याला तोंड लावत नव्हते! का? पाण्यात त्यांना संताजी-धनाजी दिसत होते!"

उत्तमरावाने डोळे पुसले.

"पिलाजीराव जाधव! पेशवाईचे सरदार!" भाटाने पान उलटलं, मग आणखी एक उलटलं, मग एकदम पाच उलटली. "इथून पुढच्या सात पिढ्या वाळवीनं खाल्ल्या. पण वाळवीनं कागद खाल्ला, रक्त नाही खाल्लं! त्यानंतर, धोंडोजीराव!"

"कोन धोंडोजीराव?" खालून आवाज आला.

"तुमच्या सासऱ्यांचे आजे, बाई."

"थो धोंड्या? माह्या सासऱ्यानं सांगतलं हाय, थो लोकाच्या वावरात तन निंदाले जाये. मेल्यावर राव झाला वाट्टे."

"बाई," मदनसिंग शांतपणे म्हणाला, "बहुतेक लोक मेल्यावरच होतात."

भाटाच्या आयुष्यातलं हे कदाचित एकमेव खरं वाक्य असावं, पण तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं. उत्तमराव चिडला होता. "वयनी, तू चूप राह्य! अथी खानदानाची गोष्ट चालू हाय."

"मोठे लोक होते बापा थे," आवडाबाई म्हणाली. "त्यायले म्या काई म्हनत नाही. थे तलवार घेऊन मेले. तुले खुरपं घेऊन जगाची लाज वाटून राह्यली, त्याचं मले वाटते."

आणि तिने मिरच्यांची पाटी उचलली. जाता जाता "हॅक्!" ऐकू आलं. भाट नवं धोतर आणि पायलीभर गहू घेऊन गेला.

त्या दिवसापासून उत्तमरावाला जे चढलं ते उतरेना. दारावर गेरूने 'जाधवराव' लिहिलं गेलं. डोक्यावर गुलाबी फेटा आला. बायकोने विहिरीवर जाताना तोंड झाकावं असा हुकूम निघाला, त्यामुळे ती बिचारी दोनदा मोटेच्या बैलांच्या धावेवर, त्या उतारावर, घसरून पडली. बोलताना तो 'आमी जाधव' म्हणू लागला, जणू वाशीमात जाधव म्हणून तेवढाच एक होता. आणि पावसाळ्याच्या तोंडाशी, खताच्या गाड्या यायच्या वेळी, तो बांधावर उभा राहिला.

"वयनी, औंदा सोनखत बंद."

"काहून?"

"लखुजीरावाच्या वंशाच्या वावरात लोकायचा गू पडनार नाही!"

आवडाबाईने त्याच्याकडे नीट बघितलं. "आतापावतर वंश कायवर पोसला होता? तुह्या लग्नातली वांग्याची भाजी कायवर आली होती?"

"ते मांगचं झालं. आता मालूम पडलं ना आपुन कोन होय ते! अन् दुसरं, तू बाजारात बसनं सोड. जाधवायच्या बायका पसरा मांडून बसत नाहीत."

"मंग खाऊ काय?"

"म्या देईन ना धान्य."

हे वाक्य उत्तमराव मनापासून बोलला, यात शंका नाही. पण आवडाबाईचा ओठ असा काही डावीकडे गेला की तो परत जागेवर यायला दोन दिवस लागले. दुसऱ्या सकाळी तिच्या अर्ध्यात सोनखताच्या सहा गाड्या रिकाम्या झाल्या. उत्तमराव नाकाला फेट्याचं टोक लावून बांधावर येरझारा घालत राहिला. त्याने आपल्या वाफ्यांत नुसतं शेणखत टाकलं, तेही जेवढं होतं तेवढंच, आणि जाधवरावांच्या घरात बैल दोनच होते.

पावसाने दोघांना सारखंच पाणी दिलं. दिवाळीला उत्तमरावाच्या झाडांवर सुपारीएवढी वांगी आली, आणि प्रत्येकात एक अळी मुक्कामाला. आवडाबाईची झाडं फांद्या टेकवून उभी होती. लोक बांधावरून जाताना एकदा इकडे बघत, एकदा तिकडे बघत आणि खोकत. खोकला फार लागला की माणूस चिडतो. उत्तमराव चिडला. पाऊस संपला होता, मोटेचे दिवस सुरू झाले होते, आणि त्याने आवडाबाईच्या वाराला बैल जुंपलेच नाहीत.

ती गोठ्यापाशी गेली. "काय गा उत्तम, बैल?"

"बाजार सोड. खताचे खड्डे बुजव. मंग जुपतो."

"मोगलाच्या घोड्यायले पान्यात धनाजी दिसत होते म्हनून थे पेत नोते," आवडाबाई म्हणाली. "माह्या वांग्यायले कोन दिसून राह्यलं?"

उत्तमरावाकडे याला उत्तर नव्हतं. पण बैल त्याच्याकडे होते, आणि जगात उत्तरापेक्षा बैल जास्त कामाला येतात. चार वडीलधाऱ्या माळ्यांना तिने मध्ये घातलं. त्यांनी डोकी खाजवली. विहीर अर्धी तुझी, ते म्हणाले, पण बैल त्याचे. बैलाला कोण सांगणार?

मग आवडाबाईने पोहरा घेतला. पहाटेपासून पोहऱ्याने पाणी शेंदायचं, घागर कमरेवर घ्यायची, वाफ्यात ओतायची. वांग्याच्या झाडाला फुलं आल्यावर पाणी चुकलं की फूल गळतं. एका वाफ्याला बारा घागरी, आणि वाफे चाळीस. आठवडाभरात तिला हिशेब कळला, की सगळं जगवायचं म्हटलं तर काहीच जगणार नाही. तिने पलीकडचे वीस वाफे सोडून दिले. ते वाळताना ती तिकडे पाठ करून पाणी ओतत असे. उरलेले वीस तिने महिनाभर कमरेवर जगवले. हात सोलले, खांदा सुजला. तरी बाजाराच्या दिवशी ती टोपलं घेऊन लिंबाखाली हजर.

इकडे उत्तमरावाच्या डोक्यात नवीन किडा शिरला. एवढं मोठं घराणं, तर घराण्याचा मेळावा नको? मार्गशीर्षातला बाजाराचा दिवस धरला, म्हणजे मंडळी आयती गावात येतील. दवंडीवाल्याला बोलावून सांगितलं, वाशीमात फिर, आणि जऊळका, मेडशी, रिठदच्या बाजारांतही फिरायला माणसं धाड. काय म्हणायचं? "म्हन, समस्त जाधव मंडळीनं उत्तमराव जाधवरावाच्या मळ्यात रोडगे-वरनाचं जेवन घ्यावं."

दवंडीवाल्याने एकदाच विचारलं, "समस्त म्हनू?"

"समस्त नाही त काय? आमी जाधव असे किती हाव? ऐंशी-नव्वद पानं होईन."

जगात जाधव म्हणजे आपण, अशी त्याची पक्की समजूत होती. त्या समजुतीने ऐंशी माणसांचा स्वयंपाक झाला. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात रोडगे भाजले, वरण उकळलं, आणि वांग्याची भाजी उत्तमरावाने हट्टाने आपल्याच वाफ्यांतली केली. अळ्या काढता काढता आचाऱ्याची कंबर मोडली.

त्या सकाळी नऊ वर्षांत पहिल्यांदा लिंबाखालची जागा रिकामी राहिली. आवडाबाईचा खांदा इतका सुजला होता की तिला वांगी तोडायलाही हात उचलवेना. तोडणीला आलेली सगळी वांगी झाडांवरच होती, आणि ती बांधावर खांद्याला गरम विटेचा शेक देत बसली होती. उत्तमरावाने ते लांबून पाहिलं आणि बायकोला म्हणाला, "पाह्य, आयकलं शेवटी वयनीनं. बाजारात नाही गेली. रक्त बोलते."

पहिल्यांदा रिठदकडचे थोरले जाधवराव आले. छकडा, झूल घातलेले बैल, मागे पंधरा माणसं. उत्तमराव हात जोडत पुढे धावला. मग मेडशीकडच्या कुणबी जाधवांच्या सात गाड्या आल्या. जऊळक्याचे जाधव सकाळच्या आगगाडीने उतरून चालत आले, पोराबाळांसकट साठेक. उत्तमराव हसत होता, पण आता मोजतही होता. मग दोन तांड्यांवरून ढोल वाजवत सव्वाशे माणसं आली, आरशांच्या काचोळ्या झळकत, पुढे पांढऱ्या मिशांचा लखीराम नाईक.

"हे कोन?" उत्तमरावाचा आवाज बारीक झाला.

"जाधव," लखीराम म्हणाला.

"कोनते जाधव?"

"तू बलावले थे. दवंडीवाला समस्त म्हनत होता. आमच्या तांड्यात आमी समस्तच हाव."

त्यांच्यामागून लोहार जाधव आले, न्हावी जाधव आले. आणि सगळ्यांत शेवटी गावकुसाबाहेरचे जाधव आले. ते आत आले नाहीत. बाभळीपाशी उभे राहिले. त्यांच्यातला सटवाजी नावाचा म्हातारा तिथूनच म्हणाला, "मालक, नाव त आमचंबी जाधवच हाय. समस्त म्हनलं म्हून आलो. नसन त जातो." त्या बाभळीखाली सावली नव्हती, आणि त्यांना पुढे या असं चारशे जाधवांपैकी एकानेही म्हटलं नाही. किळस यावी असं त्या दिवशी बरंच काही घडलं, पण आवडाबाईच्या किळसेच्या यादीत नसलेली सर्वांत मोठी गोष्ट ही होती.

तशात उत्तमरावाने मदनसिंगाला वंशावळ वाचायला उभं केलं. 'लखुजीराव जाधव' एवढं होतं न होतं तोच लखीराम म्हणाला, "हे त आमाले मालूम हाय. याच बुढ्यानं मांगच्या साली आमच्या तांड्यात वाचलं. एक बकरा घेतला."

"आमच्याइथीबी वाचलं," मेडशीचा एकजण म्हणाला. "सात पिढ्या वाळवीनं खाल्ल्या, तेच ना?"

थोरल्या जाधवरावांनी मिशी चावली, त्यावरून त्यांच्याकडेही वाळवी येऊन गेली असावी. मदनसिंग पाणी पिऊन येतो म्हणाला. वही काखेत घेऊन गेला, आणि वाशीमात पुन्हा कुणाला दिसला नाही.

तरी जेवण होतं. उत्तमराव म्हणाला, पहिली पंगत बसवून घेऊ, बाकीचं बघू. तर थोरले जाधवराव घसा खाकरून म्हणाले, "आमी बाहेरचं रांधलेलं घेत नाही. शिधा द्या, आमचा मानूस रांधते."

मेडशीवाले एकमेकांकडे बघू लागले. "थे शिधा घेऊन राह्यले त आमी काय खालचे हाव? आमालेबी शिधाच द्या."

"आमी त दुसऱ्याच्या हातचं खातच नाही," लखीराम म्हणाला.

लोहारांना कुणब्यांचं चालेना, न्हाव्यांना लोहारांचं चालेना. अर्ध्या घटकेपूर्वी ज्यांचं रक्त एक होतं, त्यांची चूल एक होईना. चारशे माणसं एका राजाची नातवंडं म्हणून आली होती आणि एकालाही दुसऱ्याच्या हातचा रोडगा नको होता. ऐंशी पानांचं रांधलेलं जेवण झाकून ठेवलं, आणि त्याच्याभोवती गावची कुत्री तेवढी एका पंगतीत बसली.

पीठ घरात होतं, डाळ होती, मिरची होती. पण रोडग्यांबरोबर वांग्याची भाजी नसेल तर त्याला वऱ्हाडात जेवण म्हणत नाहीत, शिक्षा म्हणतात. उत्तमरावाची अळीवाली वांगी संपली होती. बाकीच्या माळ्यांचा माल पहाटेच बाजारात गेला होता आणि विकला गेला होता. साऱ्या शिवारात झाडावर वांगी होती ती फक्त त्या वीस वाफ्यांत.

उत्तमराव बांधावर आला. फेटा एका कानावर आला होता.

"वयनी."

"बोल, जाधवराव."

"दोन मन वांगे पाह्यजे."

"सोनखताचे हायेत. तुह्या पाव्हन्यायले चालतीन?"

"वयनी, मानसं दुपारच्याले उपाशी बसून राह्यले. माही अब्रू..."

"तुही अब्रू मले नको," आवडाबाई वीट खाली ठेवत म्हणाली. "मले पानी पाह्यजे. वांगे घे. पन आंगोदर बैल जुप. माह्या वाफ्यात पानी चढू दे, मंग तोडाले हात लावू देईन."

"हिरालालले सांगतो." हिरालाल म्हणजे त्याचा मोट हाकणारा गडी.

"हिरालाल नाही. तू हाक. हिरालालले उद्या तू थांबवशीन. तुले कोन थांबवते?"

"आता? इतक्या लोकायसमोर?"

"दवंडी तू देल्ली. म्या कोनाले बलावलं होतं?"

उत्तमरावाने एकदा चारशे जाधवांकडे बघितलं. ते सगळे त्याच्याकडेच बघत होते, कारण भुकेल्या माणसाला दुसरं काम नसतं. त्याने बैल सोडून आणले, जुंपले आणि धावेवर चढला. चार वर्षांत त्याने मोटेला हात लावला नव्हता. पहिल्या फेरीला मोट वर आली ती अर्धी रिकामी. दुसरीला बैल धावेच्या मध्यात अडले.

"नाड्यावर बस ना, जाधवराव!" लखीराम ओरडला. त्याचं सगळं आयुष्य बैलांत गेलं होतं, चुकीचं हाकलेलं त्याला पाहवेना. "उभा काहून? दोरावर वजन दे! अन् शेपटी कायले पिरगायतं, त्यायनं काय केलं तुह्यं?"

"फेटा काढून ठेव आंगोदर," मेडशीकडून कुणीतरी म्हणालं, "विहिरीत पडला त बैल पानी पेनार नाहीत."

हशा उसळला. थोरले जाधवरावसुद्धा हसले. उत्तमरावाने फेटा काढून खुंटीला अडकवला आणि नाड्यावर बसला. मग जमू लागलं. लहानपणी बापाने शिकवलेलं अंग विसरत नाही. मोट भरून वर येऊ लागली, पाट वाहू लागला, आणि महिन्याभरानंतर पहिल्यांदा पाणी आपल्या पायांनी आवडाबाईच्या वाफ्यात शिरलं. ती वाकली, एका हाताने बांध फोडत पाणी पुढच्या वाफ्यात सोडत गेली. दहाव्या वाफ्याला तिने मान वर केली.

"किती दिवस माह्ये?" तिने मोठ्याने विचारलं.

"तीन," उत्तमराव धापा टाकत म्हणाला.

"आयकू नाही आलं यायले."

"तीन! आठवड्याचे तीन दिवस वयनीचे!"

"खत?"

"टाक, बाई, तुले टाकाचं थे टाक!"

"बाजार?"

"बस! लिंबाखाली बस!"

"आयकलं का गा समस्तायनं?" आवडाबाईने विचारलं.

"आयकलं!" जाधव म्हणाले. त्या दिवशी ते पहिल्यांदा एका आवाजात बोलले.

विसाव्या वाफ्यात पाणी गेल्यावर तिने तोडणीला माणसं लावली. तागडी मांडून ती स्वतः बसली, दुखरा हात मांडीवर ठेवून. थोरल्या जाधवरावांचा माणूस आधी आला. "चांगले निवडून दे, आमच्या मालकायले..." इतकं तो बोलला आणि त्याने "हॅक्" ऐकलं. बाकीचं त्याने पोटात ठेवलं. वांगी सगळ्यांना एकाच ढिगातली मिळाली. आवडाबाई काही संत नव्हती. सटवाजीच्या धोतराच्या सोग्यात तिने वांगी वरूनच सोडली, आणि त्यानेही सोगा खालीच धरला. दोघांनाही तसंच शिकवलं होतं आणि दोघांनीही ते शिकून ठेवलं होतं. पण माप तेवढंच पडलं, आणि वर दोन जास्तीची.

"खत कायचं गा?" थोरल्या जाधवरावांनी एक वांगं हातात घेऊन विचारलं. उत्तमराव धावेवर थिजला.

"सोनखत," आवडाबाई म्हणाली. "वर्षाचं मुरलेलं."

जाधवरावांनी वांगं नाकाशी नेलं, देठ पाहिलं. "चांगलं मुरलं हाय," ते म्हणाले आणि माणसाला चुलीकडे जायची खूण केली.

कुणीही वांगी परत केली नाहीत. तिन्हीसांजेपर्यंत त्या मळ्यात एकतीस चुली पेटल्या. प्रत्येकाचा धूर वेगळा उठत होता आणि वर जाऊन एक होत होता, पण तिकडे बघायला कुणाला सवड नव्हती. सगळे खाली आपापल्या चुलीभोवती, दुसऱ्याची सावली पडू नये म्हणून अंग चोरून जेवत होते. आवडाबाईने एकदा सगळीकडे नजर फिरवली आणि तोंड फिरवलं.

उत्तमरावाने शब्द पाळला. पाळला नसता तर काय करणार, साक्षीदार चारशे होते आणि ते एका गावचे नव्हते. मार्गशीर्ष गेला, पौष आला, वाळलेल्या वीस वाफ्यांत आवडाबाईने पुन्हा रोपं लावली. बाजारात लिंबाखाली बसली की दर आठवड्याला कुणी ना कुणी जाधव समोर येऊन उभा राही. कधी मेडशीचा कुणबी, कधी जऊळक्याचा, कधी तांड्यावरून आलेला लखीराम, आणि रस्त्याच्या कडेला थांबून सटवाजी.

"काय वं आवडाबाई, पानी भेटून राह्यलं ना?"

"भेटते बापा, भेटते," ती म्हणे. ओठ डावीकडे जाई. "वांगे घ्याचे अस्तीन त घे. नाही त सरक, गिऱ्हाईक खोयंबून राह्यलं."